गाडी जुनी झाली म्हणजे

आमच्या परिचयाच्या मंडळींत आमच्याविषयीं दोन समज फार दृढ आहेत. पहिला असा कीं, ज्या अर्थीं आम्ही कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों त्या अर्थीं आम्हांस भिंतींत साधा खिळा ठोकतां येत नसावा. दुसरा असा कीं, आमच्या घरापुढें पत्र्याच्या छपराखालीं जी जुनाट पिकअप गाडी उभी असते ती आम्हीं केवळ कंजूषपणानें बाळगली आहे. हे दोन्ही समज एकाच वेळीं खरे असणें शक्य नाहीं. कारण ज्याला खिळा ठोकतां येत नाहीं अशा गृहस्थाच्या पदरीं जुनी गाडी म्हणजे दारांत बांधलेला हत्तीच होय. तरीपण मंडळींनीं दोन्ही समज सुखानें एकत्र नांदविले आहेत, आणि आम्हींही आजवर त्यांना धक्का लावला नव्हता.

ही गाडी टाटामोबाइल जातीची. ज्या कारखान्यास त्या वेळीं लोक ‘टेल्को’ म्हणत आणि ज्याचें नांव 2003 पासून टाटा मोटर्स असें झालें, त्यानें ही जात 1988 सालीं बाजारांत आणली. तिच्याच घराण्यांत पुढें 1991 सालीं सिएरा व 1994 सालीं सुमो जन्मास आली. ही वंशावळ आम्ही पांडित्य मिरविण्यासाठीं सांगत नाहीं; तिचा उपयोग रोकडा आहे. टाटामोबाइलचा एखादा भाग मागितला तर दुकानदार दुःखानें मान हलवितो. परंतु घराणें ओळखून ‘सुमोचा अमका भाग द्या’ असें म्हटलें, कीं पुष्कळदां वरच्या कप्प्यांतून धूळ झटकीत एक खोकें खालीं येतें. जुन्या गाडीच्या मालकाला यंत्रशास्त्र थोडें कमी आलें तरी चालेल. पण नातींगोतीं पक्कीं ठाऊक असलीं पाहिजेत.

आम्हीं ती 2001 सालीं एका मासळीच्या व्यापाऱ्याकडून घेतली. तेव्हां ती सात वर्षांची होती. वडिलोपार्जित कलमांची लहानशी बाग आहे, आणि ऐन चैत्रांत, ज्या आठवड्यांत आंबा उतरावयाचा नेमका त्याच आठवड्यांत, भाड्याचा टेंपो मिळणें म्हणजे लग्नसराईंत वाजंत्री मिळण्यासारखें असतें. गाडी घेण्याचें कारण इतकेंच होतें. ती आज दोन तपें आमच्याकडे राहील, किंवा तिच्या पोटाखालीं गोणपाट पसरून आम्हांला आमच्या आयुष्यांतले इतके रविवार काढावे लागतील, हें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें तर आम्हांला हंसूं आलें असतें.

कोकणांत गाडीचा खरा वैरी रस्ता नव्हे, हवा होय. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि बाकीचे महिने समुद्रावरून खारें वारें वाहत असतें. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु पुरेसे असतात. मीठ त्या पाण्याला विद्युद्वाहक करून त्यांच्या कामाला गति देतें, इतकेंच. पण ‘इतकेंच’ हा शब्द येथें फसवा आहे. आमची गाडी सात वर्षें बर्फ व मासळी वाहत होती, म्हणजे तिच्या हौद्यावर खाऱ्या पाण्याचा अभिषेक रोज चालला होता. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाखालीं आधीं एक लहानसा फोड दिसतो. त्या फोडावर टिचकी मारावी तों आंत पत्रा नसून भुकटी आहे असें आढळतें. दाराच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं ठेवलेलीं बारीक भोकें, चाकांवरच्या कमानींत चिखल धरून ठेवणारे कोपरे, पत्र्यावर पत्रा बसतो ते सांधे, हीं गंजाचीं आवडतीं बिऱ्हाडें. त्यामुळें आंब्याची शेवटची खेप उतरली कीं पाऊस येण्यापूर्वींचे पंधरा दिवस आमचे ठरलेले असतात. भोकें तारेनें मोकळीं करावयाचीं, चिखल धुवून गाडी दोन दिवस उन्हांत कोरडी होऊं द्यावयाची, सैल गंज तारेच्या ब्रशानें खरवडून लाल ऑक्साइडचे दोन हात व त्यावर काळा रंग द्यावयाचा. ओल्या पत्र्यावर रंग देणें म्हणजे गंजाला पांघरूण घालणें होय. कित्येक लोक रंगावरच पैसे खर्च करतात आणि वाळविण्यांत कंजूषी करतात. आमचा अनुभव असा आहे कीं वाळविणें हेंच काम असून रंग हा केवळ त्याचा शेवट आहे.

हौद्याचा तळ मात्र रंगानें वांचण्यासारखा राहिला नव्हता. 2006 सालीं तो कापून काढला, आणि गांवच्या सुताराकडून आइनाच्या फळ्या बसवून घेतल्या. त्या फळ्यांना आम्ही दर दोन वर्षांनीं काजूच्या टरफलांचें तेल देतों. आमच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार होड्यांना हेंच तेल देत आले आहेत. तें लागलेल्या लांकडाला वाळवी सहसा शिवत नाहीं. मात्र कातडीला लागलें तर बिब्ब्यासारखे फोड उठवितें, म्हणून हातांत मोजे हवेत. वनस्पतिशास्त्रज्ञ काजू, बिब्बा व आंबा हे तिघे एकाच कुलांतले मानतात. आंब्याच्या चिकानें ज्यानें ओंठ भाजून घेतले आहेत त्याला यांत नवल वाटणार नाहीं. आमच्या गाडींतून जो माल जातो आणि ज्यानें तिच्या फळ्या टिकतात, ते दोघे अशा रीतीनें सगोत्र आहेत.

दुरुस्तीच्या भाषेविषयीं थोडें विषयांतर केल्याबद्दल वाचक आम्हांला क्षमा करतील. तो आमच्या धंद्याचा दोष आहे. गाडीच्या जादा चाकाला आमच्याकडे शाळेंतलें पोरसुद्धां ‘स्टेपनी’ म्हणतें. वेल्समधील लानेली गांवीं स्टेपनी स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. मोटारींबरोबर जादा चाक मिळत नसे अशा त्या काळांत, 1904 च्या सुमारास, तेथल्या डेव्हिस बंधूंनीं तें बनवून विकण्याचा धंदा काढला. आज इंग्रजांना हा शब्द फारसा आठवत नाहीं, पण आमच्या राजापूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं तो ठणठणीत आहे. हत्तीच्या पाठीवरचा हौदा मालमोटारीच्या पाठीवर येऊन बसला, त्याच्या मागल्या झडपेला ‘फाळका’ हें खणखणीत नांव मिळालें, आणि बोल्टाच्या अंगावरच्या वळणांना आपले मिस्त्री लोक ‘आटे’ म्हणतात, याहून नेटका शब्द आम्हांला कोणत्याही कोशांत सांपडला नाहीं. ‘आटे गेले’ हें वाक्य ऐकलें कीं बोल्टाचें काय झालें, आतां काय करावें लागेल व किती वेळ मोडेल, या तिन्ही गोष्टींचा बोध एकदम होतो.

आमचे मिस्त्री म्हणजे या विषयांतले आमचे गुरु. त्यांचें शिक्षण चौथी इयत्तेपर्यंत झालें, आणि ते आम्हांला ‘मास्तर’ म्हणतात; प्राध्यापक हा मास्तरच असतो याविषयीं त्यांना शंका नाहीं. पहिल्या वर्षीं आमचा पाना अडकलेल्या बोल्टावर जोर करूं लागला तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “मास्तर, त्याला तेल पाजा आणि उद्यां या.” दुसऱ्या दिवशीं तो बोल्ट मनगटाच्या हिसक्यानें सुटला. असल्या गोष्टी पुस्तकांत नसतात असें नाहीं. असतात, पण पुस्तक आपल्याला घरीं जा असें सांगत नाहीं.

यंत्राचें मर्म मात्र आम्हांला पुस्तकांनीं शिकविलें, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमान आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. आंत घेतलेली हवा सुमारें एकविसांश जागेंत दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते कीं तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें बंद करून ज्यानें दांडा दाबला आहे त्याला पंप कां तापतो हें ठाऊक असतें. रुडॉल्फ डिझेलनें तोच अनुभव टोकाला नेला. 1897 सालीं ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी रीतीनें चाललें. 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत या जातीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें गेलें. आणि 1913 च्या सप्टेंबरांत अँटवर्पहून इंग्लंडास जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीं नाहींसा झाला, त्याचें गूढ अद्याप उकललेलें नाहीं. अशा माणसाच्या यंत्राशीं आपला रविवारचा संबंध आहे या विचारानें काळे झालेले हात धुतांना थोडें बरें वाटतें.

या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग 2012 च्या एप्रिलांत झाला. कोल्हापूरच्या बाजारासाठीं साठ पेट्या भरून आम्ही व आमचा पुतण्या रात्रीं निघालों होतों, आणि आंबा घाटाच्या अर्ध्या चढावर इंजिन धापा टाकीत बंद पडलें. हा आजार डिझेलच्या गाड्यांना नेहमींचा आहे. तेलाच्या नळींत कोठेंतरी हवा शिरते; तेल दबत नाहीं, हवा दबते; आणि नोझल उघडण्यास शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागत असल्यामुळें पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चिमटण्यांतच खर्च होतो. बॅटरीच्या उजेडांत पाहतां फिल्टरकडे जाणारी रबरी नळी टोंकाशीं चिरलेली दिसली. चिरलेलें टोंक बोटभर कापून नळी पुन्हां चढविली व पट्टी आवळली. मग फिल्टरवरचा स्क्रू अर्धा आटा सैल करून पुतण्या हातपंप दाबूं लागला. प्रथम नुसता फेंस आला, मग फेंस व तेल, आणि शेवटीं बुडबुड्यावांचून सलग धार लागली. त्या क्षणीं स्क्रू आवळला. अर्ध्या तासाच्या आंत गाडी घाट चढूं लागली होती. आंबा त्या रात्रीं घाटांत राहिला असता तर दुपारच्या उन्हांत पेटींतच पिकून डागी झाला असता, आणि आमच्या बागेच्या त्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वांटा त्या साठ पेट्यांत होता. मागाहून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानें थांबून मदत हवी का असें विचारलें. आमच्या डोळ्यांवरचा चष्मा व हातांतला पाना यांची संगति त्याला लागेना, असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें.

ही संगति आपल्या पांढरपेशा समाजालाही लागत नाहीं. आमच्या घरीं येणारे सुशिक्षित पाहुणे आम्हांला गाडीखालीं पाहून कनवाळूपणें विचारतात, ‘माणूस मिळाला नाहीं वाटतें?’ हातानें काम करणें ही माणूस न मिळाल्याची शिक्षा आहे, ही समजूत आपल्या हाडीं किती खिळली आहे! लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्या काळांतच, 1888 सालीं, त्यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान घातलें. त्या दुकानांतून पुढें नांगर व कारखाने निघाले म्हणून आज आपण त्यांचें नांव आदरानें घेतों. नुसत्या सायकलीच दुरुस्त होत राहिल्या असत्या तर त्यांच्याविषयीं आपण काय म्हटलें असतें? आमच्या वर्गांतल्या मुलांना आम्ही हा प्रश्न घातला आहे. तीं हंसतात, पण उत्तर देत नाहींत.

तत्त्वज्ञानाचे आमचे एक सहकारी आमच्या गाडीकडे निराळ्या दृष्टीनें पाहतात. क्लचची प्लेट तीन वेळां बदलली, मागचे पाटे बदलले, दारें दुसऱ्या एका मोडीत गेलेल्या गाडीचीं आणलीं, तळ लांकडाचा झाला. तेव्हां ही तीच गाडी कशावरून, असा त्यांचा सवाल असतो. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथांत नागसेन भिक्षु यवन राजा मिलिंदाला रथाविषयीं असेंच गांठतो: आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय? राजा सर्वांना नाहीं म्हणतो आणि शेवटीं रथ हें एक व्यवहाराचें नांव आहे असें कबूल करतो. परिवहन खात्याचें मत मात्र मिलिंदाहून ठाम आहे. चासीवर कोरलेला आंकडा तोच असेल तर गाडी तीच. फिटनेसच्या वेळीं दरवर्षीं त्या आंकड्यावर गंज चढला नाहीं ना, हें आम्ही प्रथम पाहतों.

प्रत्येक काम आपल्या हातानें करावें, या मताचे आम्ही नाहीं. नोझल व पंप यांची तपासणी यंत्रावरच व्हावयास हवी. त्यासाठीं तीं शहरांत जातात. चासीला जोड देणें हें ज्याला वेल्डिंग खरोखर येतें त्याचें काम. मागच्या ब्रेकचे ड्रम आम्ही स्वतः उघडतों, पण बंद करण्यापूर्वीं मिस्त्रींची नजर त्यावरून फिरलीच पाहिजे. ड्रममधली काळी भुकटी फुंकून उडविण्याची संवय संवयीच्या कारागिरांतही आहे. जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे, आणि तें फुप्फुसांत गेलें तर जन्माचें दुखणें होतें, म्हणून ती ओल्या फडक्यानें पुसावी. एका दुकानदारानें आम्हांला अस्सल म्हणून दिलेलें लायनिंग दोन महिन्यांत शूवरून सुटून आलें. तें घाटांत सुटलें असतें तर हा निबंध लिहिण्याचा प्रसंग आला नसता. तेव्हांपासून स्वस्त भागाची खरेदी फक्त दाराच्या मुठी व आरसे एवढ्यापुरतीच.

या सर्वांची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललें, कोणीं बदललें, किती पडले. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें असें आहे कीं मुलीच्या बाळपणाच्या नोंदी आम्हीं इतक्या काळजीनें ठेवल्या नाहींत. आणि त्या म्हणण्यांत तथ्य आहे. खर्चाची बेरीज आम्हीं मुद्दामच केलेली नाहीं. बेरीज केली म्हणजे गाडी ठेवावी कीं नाहीं हा प्रश्न केवळ आंकड्यांचा होतो, आणि तो तसा नाहीं.

तो तसा नाहीं हें आम्हांला मुलीनेंच दाखविलें. ती पर्यावरणाचें शिक्षण घेत आहे. गेल्या दिवाळींत ती वही चाळीत बसली होती. आम्हांला वाटलें, बापाच्या चिकाटीचें कौतुक होईल. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही गाडी सांभाळतां तें मला समजतें. पण हिचा धूर या वहींत कुठें लिहिलेला असतो?”

प्रश्न साधा होता, पण आम्ही निरुत्तर झालों. आमची गाडी ज्या वर्षीं कारखान्यांतून बाहेर पडली त्या वेळीं धुरासंबंधींचे नियम फार ढिले होते. युरोपाच्या धर्तीचे पहिले नियम देशभर 2000 सालीं आले, आणि 1 एप्रिल 2020 पासून ज्या भारत सहाव्या श्रेणीच्या गाड्या विकल्या जातात त्यांच्या नळींत काजळी पकडणारी गाळणी असते. आमच्या नळींत कांहींच नाहीं. आम्हीं आपली बाजू मांडली. नवी गाडी घडवितांना लोखंड वितळवावें लागतें, त्याचाही धूर होतोच. आमची गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धां धांवत नाहीं. मुलीनें हें सर्व मान्य केलें. “पोलादाच्या कारखान्याचा धूर जगाचा आहे,” ती म्हणाली, “आपल्या गाडीचा धूर आळींतल्या आजींचा आहे.” आमच्या शेजारच्या आजींना दमा आहे. हवामानाचा हिशेब आणि आळीच्या हवेचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब आहेत, व पहिल्यांतली शिल्लक दुसऱ्याच्या खात्यांत घालतां येत नाहीं, हें तिचें म्हणणें आम्हांला आजही खोडतां आलेलें नाहीं.

त्या दिवसापासून वहींत धुराचा रकाना आला. धूर वाचावयाचा असतो, हें आम्ही मिस्त्रींकडून पूर्वींच शिकलों होतों. काळा धूर म्हणजे तेल अधिक किंवा हवा कमी: हवेची गाळणी तुंबली असेल वा नोझल नीट फवारत नसेल. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें वंगण जळत आहे. पांढरा म्हणजे न जळलेलें तेल, किंवा पाणी सिलिंडरांत उतरत आहे. थंडींत पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर क्षम्य, पुढचा नव्हे. आमच्या रकान्यांत चढावर ‘काळा’ हा शब्द पूर्वींपेक्षां अधिक वेळां येऊं लागला आहे. हवेची गाळणी बदलली, टॅपेट मापाच्या पट्टीनें बसविले, तरी तो शब्द गेला नाहीं.

सरकारनें 2021 च्या ऑगस्टांत जुन्या गाड्या मोडीत काढण्याचें धोरण जाहीर केलें. तपासणींत जी उतरणार नाहीं ती भंगारांत, असा त्याचा रोख आहे. आमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असल्यामुळें तिची परीक्षा दरवर्षीं होते, आणि आजवर ती प्रत्येक वेळीं उतरली आहे. परंतु सरकारी परीक्षेंत उतरणें आणि आमच्या मुलीच्या परीक्षेंत उतरणें यांत फरक आहे. दोघांत असें ठरलें आहे कीं नोझल तपासून आल्यावर चढावरचा काळा धूर गेला तर गाडी आंब्याच्या हंगामापुरती राहावी. न गेला तर पुढल्या पावसाळ्यापूर्वीं ती जावी.

मिस्त्रींना आम्हीं हा करार सांगितला. त्यांच्या एका डोळ्यांत मोतीबिंदु उतरला आहे, मुलगा पुण्याच्या एका शोरूममध्यें नोकरीस आहे, आणि तेथें गाडीचा आजार संगणक सांगतो. मिस्त्री थोडा वेळ बोनटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “मास्तर, पोरगी बरोबर बोलते. पण नोझल काढतांना तिला घेऊन या. तिनें स्वतः बघावें.” त्याप्रमाणें ती आली. मिस्त्रींना आतां बारीक दिसत नाहीं, म्हणून तांब्याचे जुने वॉशर खांचेंतून उचलून काढण्याचें काम त्यांनीं तिच्याकडे दिलें, आणि चारी वॉशर तिनें एकही न हरवितां फडक्यावर ओळीनें मांडले. नोझलांचा संच सोमवारीं एस. टी.च्या पार्सलानें कोल्हापुरास गेला. वहींतली नोंद या खेपेस तिच्या अक्षरांत आहे. धुराचा रकाना तिनें मोकळा ठेवला आहे.